काचेमागचा डबा

सिझनच्या तोंडावर कुणीतरी आमच्या भावोजींना मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला आणि आमच्या जेवणाचं वाटोळं झालं.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुण्याची लॉन्ड्री त्यांची, म्हणजे त्यांच्या नावावर. उभी केली ताईने. सुट्ट्यांचे दिवस आले की हॉटेलं भरतात, आणि हॉटेलात उतरलेला माणूस टॉवेल असे वापरतो, जणू घरी त्याला कुणी अंग पुसूच दिलं नव्हतं. एक टेम्पो रिकामा होतोय तोच दुसरा दारात. तळघरात वाफ, ओल्या कापडाचा वास आणि मधोमध तो लांबलचक तापलेला रोलर. इकडून ताई आणि कामाला असलेल्या लंबूने ओली चादर ताणून आत घालायची, तिकडून मी आणि सतत टकळी चालू असलेल्या आमच्या बडबडीने कडक वाळलेली धरायची आणि घडी मारायची. रोलर बंद केला की थंड होतो, परत तापायला वेळ खातो. भावोजींच्या पोटात दुखायचं ते इथेच. आम्ही अर्धा तास जेवायला बसायचो, तेवढ्यात रोलर गार.

व्हिडिओतला पिळदार दंडाचा माणूस म्हणाला होता की धावपळीच्या दिवसांत जड जेवू नका, सुस्ती येते. हलकं खा, वेळेवर खा, ऊर्जा टिकवा. भावोजींना त्यातलं 'वेळेवर' तेवढं ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवर हसऱ्या सफरचंदाचं चित्र लागलं आणि कोपऱ्यात पावडरच्या बरण्यांची थप्पी. जेवणाची सुट्टी बंद. पाळीपाळीने बाजूला व्हायचं, ग्लासात पावडर ढवळायची, उभ्याउभ्या प्यायची आणि परत रोलरवर. चव म्हणाल तर ओल्या पुठ्ठ्यावर कुणीतरी व्हॅनिला असं लिहून ठेवल्यासारखी.

मी विचारलं, भावोजी, तुम्हीपण हेच पिणार ना? तर म्हणाले, कामावर भावोजी नाही, शेठ म्हणायचं. मिळालं मला उत्तर. दुपारी त्यांच्या काचेच्या केबिनचा पडदा सरकायचा आणि दाराच्या फटीतून रश्श्याचा वास यायचा. तो डबा ताईच भरायची, पहाटे उठून. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आणि आपण कोंबडी.

ताईचं दुखणं वेगळं. तिला शुगर आहे. गोळी घेतली की वेळेवर पोटभर खावं लागतं, नाहीतर हात थरथरायला लागतात. पहिल्या दिवशी ती आपला डबा घेऊन बाकावर बसली, तर भावोजी सगळ्यांसमोर म्हणाले, "घरचंच माणूस नियम मोडायला लागलं, तर बाहेरच्यांना कुठल्या तोंडाने सांगू?"

ताईने झाकण लावलं. मी लावलं नसतं. पण मी तिच्या नवऱ्याचा नोकर आणि तिचा धाकटा भाऊ, म्हणजे दोन्हीकडून तोंड बांधलेलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी व्हायचं ते झालं. मी ट्रॉली ढकलत नेमका ताईच्या बाजूला आलो होतो. तिचे हात लटलटत होते, आणि चादरीबरोबर तिची बाहीही आत चालली होती. मी लाल बटणावर हात आपटला. बाही करपली, हात वाचला. लंबूने तिला बाकावर बसवलं. बडबडीने साखरेचं पाणी पाजलं. भावोजी केबिनमधून तोंड पुसत बाहेर आले.

"रोलर कुणी बंद केला?"

त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात भाताचं शीत होतं. मी पुढे सरकलो, पण ताई बसल्या जागेवरून नको म्हणाली. नको तर नको. एक ठोसा मारला की मजा लगेच संपते, आणि मला ती पुरवून खायची होती.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे हॉटेलवाल्या मॅडम. खोल्या साफ करणाऱ्या सगळ्या मुली त्यांच्या हाताखाली. बाई भलती कडक, घडीचा कोपरा हलला तरी अख्खा गठ्ठा परत. त्या माल बघायला आल्या आणि सफरचंद बघून हे काय म्हणून विचारलं. भावोजींनी तोंड उघडायच्या आत मी उघडलं. म्हटलं, ही आमच्या शेठची कमाल. शेठ म्हटलेलं ऐकून ते खूश झाले, तिथेच फसले. मी सांगितलं की शेठ सिझनभर अन्नाला शिवत नाहीत, नुसत्या पावडरवर चार माणसांचं काम एकटे ओढतात. उद्या तर सकाळपासून स्वतः रोलरवर उभे राहणार आहेत, आम्हाला धडा म्हणून.

माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं तर खालून जोर लावावा लागतो. भावोजी आपली शिडी घेऊनच आले. छाती काढून म्हणाले, ऊर्जा ही शेवटी आतून येते. मॅडम म्हणाल्या, असं असेल तर माझ्या मुलींनाही सुरू करते, उद्या येऊन बघते. भावोजींच्या डोळ्यांत बरण्या नाचायला लागल्या. पावडरवाला त्यांचाच मित्र.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. बाहेर वाफ फार आहे, इथून सगळं दिसतं, असं म्हणत मी त्यांना अदबीने केबिनमध्ये बसवलं. पडदा पूर्ण बाजूला केला. टेबलावर भावोजींचा डबा. माझा डाव एवढाच होता: डबा दिसावा आणि मिळू नये.

सकाळी भावोजी नवरदेवासारखे उभे होते. दुपार कलायला लागली तसे खांदे उतरले. मी दर थोड्या वेळाने पावडरचा ग्लास घेऊन जायचो आणि मोठ्याने विचारायचो, शेठ, अजून थोडी ऊर्जा देऊ का? पिणार नाहीत तर सांगतात कुणाला, काचेपलीकडे मॅडम बघतायत. चादर वाकडी जात होती, नजर मात्र सरळ डब्यावर.

मग ताईने हात धुतले आणि केबिनमध्ये गेली. हे माझ्या डावात नव्हतं. ती थेट भावोजींच्या खुर्चीत बसली आणि डबा उघडला. दार उघडंच होतं. मॅडमना म्हणाली, यांचं पावडरवर भागतं, मी उगीच सवयीने भरते, वाया जाईल हो. झाकणात मॅडमना वाढलं आणि स्वतः डब्यात घेतलं. भात, कोंबडीचा रस्सा, उकडलेली अंडी. दोघी बसून, सावकाश, गप्पा मारत जेवल्या. ताईने हाडसुद्धा सोडलं नाही, आणि ते चोखताना नजर नवऱ्यावरून हलवली नाही.

बडबडी माझ्या कानाशी म्हणाली, "रोलर राहू दे, शेठवरच टाका आता चादरी. लवकर वाळतील."

एवढ्यात एक चादर तिरकी गेली, दुसरी तिच्यावर चढली आणि करपल्याचा वास सुटला. भावोजींनी लाल बटण दाबलं.

"रोलर कुणी बंद केला?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की दुसऱ्या कुणाची बोबडी वळली असती. ते तसेच केबिनकडे निघाले, मी मागोमाग. डबा चाटूनपुसून स्वच्छ. मॅडमनी विचारलं, काय झालं, मशीन का थांबलं? भावोजी डब्याकडे बघत म्हणाले, माणसांची जेवायची वेळ झाली.

"अर्ध्या तासाची सुट्टी ना, शेठ? बसून?" मी दारातून म्हटलं.

मॅडम बघत होत्या.

"अर्ध्या तासाची. बसून."

ताईने पावडरचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. "घ्या. नीट ढवळा हं, तळाशी बसतं ते."

मॅडमसमोर त्यांनी तो तळापर्यंत प्यायला. मॅडमनी जाताना सांगितलं की त्यांच्या मुलींना पावडर नको.

सफरचंद उतरलं. आता दुपारी रोलर गार होतो आणि ताई बाकावर बसून पोटभर जेवते. भावोजी माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे मी त्यांना दिवसातून दहादा शेठ म्हणून हाक मारतो. ताई पहाटे एकच डबा भरते, आपला. माझा कुठे, असं त्यांनी एकदा विचारलं म्हणे. तिने बरण्यांच्या थप्पीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, आधी त्या संपू देत.

थप्पी तशी खाली आली होती. मी शेठच्या नावाने अजून एक खोकं मागवलंय.