तीन एप्रिलचं पत्र

आमच्या जयराजला परदेशातल्या बेटावर राहायची परवानगी मिळाल्याचं पत्र आलं, त्या दिवशी घरात पेढे आले. माझा पेढा मी देवापुढं ठेवला, खाल्ला नाही. गुरुवारी सूर्य मावळेपर्यंत मी काही खात नाही, हे खरं. पण तो दिवस बुधवार होता.

बेट कॅरिबियन समुद्रातलं. त्याचं नाव मला नीट घेता येत नाही. आमचे हे, उदयसिंह, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना ते क्रिकेटमुळं ठाऊक. "लय भारी मैदान हाय तिथलं," एवढीच त्यांची चौकशी. जयराज साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कायम नोकरीला. तो, सून उत्कर्षा आणि चार वर्षांची नात, तिघं जाणार. राजीनाम्याचा कागद त्यानं लिहून ठेवला होता. पत्र आलं की द्यायचा, असं ठरलेलं.

हे सगळं जुळवणारा राजवर्धन. सांगलीत त्याचं ऑफिस. महिन्यापूर्वी तो आष्ट्याला आमच्या घरी येऊन जेवून गेला होता. जाताना परवान्यासाठी म्हणून जयराजचा पासपोर्ट घेऊन गेला.

"काकू, तिथं उतरायला आपल्याला व्हिसाच लागत नाही," तो म्हणाला होता. "काही दिवस पाहुणा म्हणून राहता येतं. पण घर करायचं, नोकरी करायची, तर तिथल्या सरकारचा परवाना पाहिजे. तो मी इथं बसून काढून देतो."

ज्या दारात अजून पाऊल टाकलं नाही, त्या घरात राहायची परवानगी आधीच कशी मिळते, हे मला कळेना. मी भाकरी वाढत राहिले. मग माझ्या कपाळाच्या कुंकवाकडं बघत तो म्हणाला, "आणि लोक लय देवाधर्माचे. चर्चचा सण असला की अख्खं बेट बंद. तुमच्यासारखीच माणसं, काकू."

इतकं गोड बोलणाऱ्याच्या ताटात मी दुसऱ्यांदा तूप वाढलं नाही.

बुधवारी जयराजनं मोबाइलवर पत्र वाचून दाखवलं. तिथल्या कचेरीतला शिक्का, साहेबाची सही, तारीख तीन एप्रिल.

मी रोज रामनाम लिहिते. वहीच्या पानावर वर तारीख आणि तिथी. तीन एप्रिलचं पान काढलं. हनुमान जयंतीचा दुसरा दिवस, शुक्रवार. आदल्या दिवशीच्या सुंठवड्याचा डाग पानाला होता. मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं. त्या चौकोनात लाल अक्षरांत छापलं होतं, गुड फ्रायडे.

मागं एका वर्षी मी मिरजेला दवाखान्यात होते तेव्हा शेजारच्या कॉटवर सुलाबाई होत्या, ख्रिस्ती. गुड फ्रायडेला त्यांनी दुपारपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. "आमच्या देवाला क्रुसावर दिलं तो दिवस, ताई," म्हणाल्या होत्या.

मी जयराजला हळूच सांगितलं.

"आई, तू तुझ्या वहीवरनं सरकारी पत्र तपासणार व्हय?"

हे म्हणाले, "सुट्टीत बी कामं हुत्यात. आमी न्हाई का दिवाळीला बॉर्डरवर हुतो?"

"तुमी बॉर्डरवर हुता. त्यो कारकून हाय," मी म्हणाले.

उत्कर्षा पदर तोंडाला लावून हसली. "आत्या म्हणत्यात तर एकदा विचारा की," ती माझ्याकडं बघत जयराजला म्हणाली. तिलाही धाकधूक असावी.

"उद्या मला सांगलीला ने," मी म्हणाले. "एकच विचारते. मग तुझा तू मोकळा."

गुरुवारी दहाला आम्ही त्याच्या ऑफिसात होतो. काचेचं टेबल, मागं निळ्या समुद्राचं चित्र. राजवर्धननं चहा मागवला. मी उपवास सांगितला.

"पत्र लय लवकर आलं," मी म्हणाले. "तुमचं कोणी होतं का तिथं?"

"आमचा माणूस स्वतः साहेबासमोर उभा होता, काकू. शिक्का मारताना त्यानं मला व्हिडिओ कॉलवर दाखवला."

"तीन तारखेलाच?"

"तीन तारखेलाच. शप्पथ."

"कचेरीत गर्दी असंल."

"रांग लागली होती रांग!"

मी पिशवीतून कॅलेंडर काढलं, सुरळी सोडली आणि काचेवर पसरलं. "हा त्यांच्या देवाच्या दुःखाचा दिवस. सणाला अख्खं बेट बंद असतं, असं तुमीच सांगितलं होतं."

राजवर्धन त्या चौकोनावर वाकला. मग हसला. "टायपिंगची चूक असणार."

"आणि रांग?" आता जयराजनं विचारलं. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. "माझा पासपोर्ट द्या."

"तो मुंबईला आहे. आठ दिवस लागतील."

"मग मी बसते," मी म्हणाले. "मला आज जेवायचं नाहीच."

मी माळ काढली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. गुरुवारचा माझा आणखी एक नेम आहे. कुणी विचारलं तर खरं ते सांगायचं. गप्प राहूनही लपवायचं नाही.

अकराच्या सुमारास वडूजचं एक जोडपं आलं. बाई माझ्याशेजारी टेकली. "मावशी, तुमचं झालं का काम?"

"न्हाई बाई. पोराच्या परवान्यावर देवाच्या सुट्टीची तारीख हाय. पासपोर्ट मागितला तर म्हणत्यात मुंबईला हाय. म्हणून बसलीया."

मी आवाज चढवला नव्हता. बाईनं नवऱ्याकडं बघितलं. "आवं, आपल्या पत्रावर कंची तारीख हाय?" नवऱ्यानं खिशातून घडी काढली. तीन एप्रिल.

त्यानंतर मात्र त्या ऑफिसात मोठमोठ्यानं बोलणं झालं. बारा वाजायच्या आत मुंबईचा पासपोर्ट टेबलाच्या खालच्या खणात सापडला. मी तो बाहेर येऊन उन्हात पानन् पान उलटून बघितला. फोटो जयराजचाच होता. तरी दोनदा बघितला.

आष्ट्याच्या एसटीत जयराज खिडकीशी बसला. मग खिशातला राजीनामा काढून त्यानं चार तुकडे केले आणि मोबाइलवर काही लिहीत बसला.

"कुणाला?"

"त्या बेटाच्या सरकारलाच. राहायचं असंल तर खरं काय काय लागतं, ते विचारतोय." थोड्या वेळानं म्हणाला, "उत्तर आलं तर जाऊ देशील न्हवं?"

"जा की. मी कशाला अडवू?" मी माळ पिशवीत ठेवली. "फकस्त आधी तारीख मला दाखव."