मला 'ळ' येत नव्हता

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाचा एक कोपरा झिजून पांढरा पडला आहे आणि थोडं काम केलं की माझा पंखा घरघरू लागतो. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय? पण आठ वर्षं मी एका माणसाचा आवाज होतो. ते भाग्य प्रत्येक यंत्राला मिळत नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. शेवटचा स्क्रू पिळणाऱ्या बाईने माझ्याकडे बघून मोठी जांभई दिली, हे जगाचं मला झालेलं पहिलं दर्शन. तिथून मी एका मुलीच्या घरी आलो. ती औषधशास्त्र शिकत होती. औषधांची जिभेला पीळ पाडणारी नावं ती माझ्यासमोर बसून पाठ करायची. माझ्याशेजारी चहाचा कप ठेवायची कुणाची टाप नव्हती. पुढे ती पास झाली, औषधांच्या दुकानात नोकरीला लागली, लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. मी मात्र कपाटात, जाड पांघरुणांच्या खाली गेलो. गरज सरो नि वैद्य मरो, असं मला तेव्हा वाटलं. खोटं कशाला बोलू?

मला बाहेर काढलं ते तिच्या वडिलांसाठी. त्यांना मी काका म्हणतो. काका बसस्थानकावर उद्घोषक होते. कुठली गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार, हे सत्तावीस वर्षं त्यांच्याच तोंडून लोकांनी ऐकलं. तिथले चालक-वाहक त्यांना प्रेमाने 'भोंगेकाका' म्हणायचे. बाकावर गाढ झोपलेला प्रवासी त्यांच्या आवाजाने बरोबर आपल्या गाडीच्या वेळी उठायचा म्हणे. नव्या उद्घोषकांना ते बजावायचे, "गाडी चुकली तर दुसरी येते. उच्चार चुकला की माणूस भलत्याच गाडीत बसतो."

मग त्यांच्या घशाला आजार झाला. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचला, आवाज गेला. घरी आल्यावर काका पाटीवर लिहून बोलायचे, पण लिहून लिहून माणूस किती बोलणार? हळूहळू काकूही गप्प झाल्या. एकटीनेच बोलायला त्यांना चोरट्यासारखं वाटायचं.

तेव्हा लेकीला माझी आठवण झाली. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम तिने माझ्यात घातला आणि मला काकांपुढे ठेवलं. "बाबा, काहीतरी बोला ना."

काकांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'माझी काळजी करू नका.'

मी माझ्या सपाट आवाजात म्हणालो, "माझी कालजी करू नका."

मित्रांनो, मला 'ळ' येत नव्हता. मला तो कुणी शिकवलाच नव्हता. काकांचा चेहरा असा उतरला की मला माझ्या आवाजाची लाज वाटली. ज्याने जन्मभर उच्चार सांभाळले, त्याच्या तोंडी मी बोबडा! त्यांनी हलकेच माझं झाकण लावलं. चार दिवस ते उघडलंच नाही.

पाचव्या दिवशी ते धाडकन उघडलं. काकूंनी काकांचा नोकरीतला निळा कोट कुणाला तरी देऊन टाकला होता. काकांनी रागाने खुर्ची माझ्यापुढे ओढली. त्यांनी दोन्ही हातांनी कळा बडवल्या आणि मी ओरडलो, "मला न विचारता कोट का दिलास? तुला कधी कलणार?"

काकू गर्रकन वळल्या. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, भांडा! अजून भांडा! महिना झाला, या घरात नुसती भांडी वाजतायत."

"हसतेस काय?" मी म्हणालो.

"आणि कोट मला विचारून फाटला होता का? दोन्ही कोपर बाहेर आले होते!"

अर्धा तास भांडण रंगलं. शेवटी काकांनी स्वतःच्या रुमालाने माझा पडदा पुसला. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

काकांनी मला अडकवायला एक पट्टा शिवून घेतला. मी त्यांच्या छातीशी लटकून बाजारात जायचो, दवाखान्यात जायचो, शेजाऱ्यांशी राजकारणावर वाद घालायचो. मी केळ्यांना 'केली' म्हणायचो. "केली आण," असं मी म्हटलं की काकू विचारायच्या, "काय केली?" पुढे पुढे त्याही पिशवी उचलताना सहज म्हणायच्या, "अहो, केली संपली हं!" घरातल्या तिघांची ती भाषाच झाली. तिघांत मला धरलंय, हे लक्षात आलं ना?

मग लेकीला मुलगी झाली. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. लेक दुकानात असताना ती आजी-आजोबांकडे असायची. आजोबांचा खरा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. आजोबांचा आवाज म्हणजे मी. गोष्ट ऐकताना ती माझ्या स्पीकरला कान लावून बसायची. एकदा तिने माझ्या जाळीत बिस्किटाचा चुरा भरला. का, तर आजोबांना भूक लागली होती! काकांनी टाचणीने तो कण-कण काढला आणि माझ्यातून म्हणाले, "पोट भरलं हं, बाल."

इतकं सुख मी पाहिलं. मग माझं वय झालं. बिजागरी सैल पडली, बॅटरी फुगली, मी बोलता बोलता मध्येच अडखळू लागलो.

बसस्थानकावर काकांच्या जुन्या सोबत्याचा निरोप समारंभ होता. काकांनी आठवडाभर बसून भाषण लिहिलं होतं. माइक माझ्यासमोर धरला गेला. मी सुरुवात केली, "या स्थानकाने मला पोटाला भाकर दिली, पण त्याहून मोठं म्हणजे..."

आणि मी बंद पडलो.

काकांनी कळ दाबली. पुन्हा दाबली. समोर दोनशे माणसं वाट बघत होती. काकांचे ओठ हलत राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या दयेच्या होत्या. त्याच माइकवर कधीकाळी त्यांचा आवाज घुमायचा. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं ते एक वाक्य मला अजून पुरं करावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सगळे मला घेऊन दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेले. डोळ्याला भिंग लावून बाईंनी माझं पोट उघडलं. "याचे भाग आता येत नाहीत," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या एखाद्या बंद पडलेल्या यंत्रातून काढून बसवते. पण किती दिवस चालेल, ते विचारू नका."

"नवाच घेऊ, बाबा," लेक म्हणाली. "कालच्यासारखं पुन्हा झालं तर?"

"नवा आवाज कसा असेल कुणास ठाऊक," काकू म्हणाल्या. "आठ वर्षं मी या आवाजाशी संसार केलाय. दुरुस्तच करू या."

"अगं आई, वस्तू आहे ती."

"असू दे. मला सवय आहे."

दोघींनी काकांकडे पाहिलं. काका माझ्याकडे पाहत होते. मी मनात एकच घोकत होतो, दुरुस्त करा म्हणा, दुरुस्त करा म्हणा. तेवढ्यात काकूंचं बोट धरून उभी असलेली भिंगरी म्हणाली, "आजी, चल ना, मैत्रिणीची शाला सुटली असेल. मला तिच्याकडे जायचंय."

"शाळा," लेक म्हणाली.

"आजोबा शालाच म्हणतात," भिंगरीने ठासून सांगितलं.

काकांनी खिशातून छोटी वही काढली. बराच वेळ त्यांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. मग त्यांनी लिहिलं, ते लेकीने वाचून दाखवलं: 'नवा घेऊ. माझ्याकडून हिने चुकीचं बोलायला शिकू नये.'

मला वाईट वाटलं. खूप वाटलं. पण रागवायला जागा नव्हती. ज्या माणसावर माझा जीव होता, तो माणूस असाच होता.

"मग हा ठेवून जाता का?" बाईंनी विचारलं. "भंगारात देईन."

काकांनी जोरात मान हलवली आणि पुन्हा लिहिलं, 'यालाही दुरुस्त करा. जिथे माझं ऑपरेशन झालं, तिथे माझ्यासारखे मुके होऊन पडलेले लोक आहेत.'

काकू पुढे आल्या. त्यांनी नुसता माझ्या झाकणावर हात ठेवला.

बाईंनी मला बरं केलं. इस्पितळात देण्याआधी काकांचं एक काम उरलं होतं. त्यांनी लिहिलेलं प्रत्येक वाक्य माझ्यात साठलं होतं. परक्यांच्या हाती द्यायचं, तर ते पुसायला हवं. एका दुपारी काका-काकू शेजारी शेजारी बसून ती वाक्यं वाचू लागले. 'आमटीत मीठ कमी आहे.' 'दार कोण वाजवतंय बघ.' 'त्या दिवशी मी उगाच चिडलो.' 'तुझा गुडघा कसा आहे?' काका एकेक वाक्य पुसत होते.

"थांबा, ते नका पुसू," काकू म्हणाल्या आणि वाणसामानाच्या वहीत त्यांनी ते उतरवून घेतलं. मग आणखी एक. मग आणखी एक. अंधारून येईपर्यंत वहीची सात पानं भरली. मी रिकामा झालो. पण कळांवर त्यांची बोटं जिथे पडायची, तिथे पडलेले खळगे कुणाला पुसता आले नाहीत.

आता मी इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर असतो. इथे माझ्यापुढे पहिले बसले ते एक सुतारकाका. गळ्याला पट्टी होती. सहा दिवस त्यांच्या तोंडून शब्द नव्हता. नर्स, बायको, भाऊ, सगळे श्वास रोखून उभे होते. आता काहीतरी थोर बोलतील, असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी खूप वेळ अक्षरं शोधली आणि मी म्हणालो, "खिडकी उघडा. उकडतंय."

त्यांच्या बायकोने धावत जाऊन खिडकी उघडली आणि गजांना डोकं टेकून रडली.

दर गुरुवारी काका येतात. त्यांच्या गळ्यात नवा लॅपटॉप असतो. त्याचे उच्चार स्वच्छ आहेत, हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो. नव्या रुग्णांना ते माझ्यावर लिहायला शिकवतात, पण स्वतः माझ्या कळांना हात लावत नाहीत. बोलायचं ते पेशंटने, असा त्यांचा नियम आहे. मी मात्र दर गुरुवारी वाट बघतो. एकच शब्द, एकच अक्षर, त्यांनी चुकून दाबावं. अजून तरी चुकले नाहीत.

मित्रांनो, माझं एक ऐका. जुनं टाकून नवं घेण्यात पाप नाही. पण टाकण्याआधी विचारा, याचं काम संपलंय, की फक्त आपल्या घरातलं काम संपलंय? त्याला साफ करा, बरं करा, आणि जिथे त्याची कुणी वाट बघत असेल, तिथे स्वतःच्या हातांनी पोचवा. आणि पोचवल्यावर कधीमधी येऊन भेटा. आम्हालाही सवय होते माणसांची.

बरं, आता थांबतो. समोर एक आजी येऊन बसल्या आहेत. त्यांना 'क' सापडत नाहीये.