दोन शिक्क्यांचा दाखला

मी शिक्का बोलतोय. देवास नगर फुटबॉल मंडळाचा, गोल, लाकडी मुठीचा. बसा, पण घाईत ऐका हं. मला कधी कुठे उचलून ठेवतील याचा नेम नाही. कधी कपाटात, कधी सुपारीच्या डब्यात, कधी स्कूटरच्या डिकीत. आमचे अध्यक्ष दत्तोपंत यांना सारखी धास्ती, की मला कुणी पळवेल. त्यामुळे माझ्या जिवाला घटकाभर स्वस्थता नाही.

दोन वर्षांपूर्वी बाजारातल्या एका दुकानात माझा जन्म झाला. आठच दिवसांनी तिथेच हुबेहूब माझ्यासारखा दुसरा शिक्का तयार झाला. तो शार्दूलरावांचा. दोघेही म्हणतात, खरा अध्यक्ष मीच! या गावाला दोनाची सवयच आहे म्हणा. पूर्वी एकाच देवासात दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. दत्तोपंतांचे पणजोबा थोरल्यांच्या चाकरीत, शार्दूलरावांचे धाकट्यांच्या. अजूनही जुनी माणसं लग्नाची पत्रिका दोन्हीकडे देतात, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा मंडळात भांडण्यासारखं काय आहे? अहो, सगळं तिथेच तर आहे! वर माळवा फुटबॉल महासंघ आहे. त्याच्या निवडणुकीत प्रत्येक गावच्या मंडळाला एक मत. धारला एक, देवासला एक. ज्याच्या हाती ते मत, त्याला मैदानाचं अनुदान, त्यालाच स्पर्धेचे प्रायोजक, आणि संघाबरोबर मॅनेजर म्हणून फिरायला त्याचाच भाचा. मंडळाच्या बैठकीत बॉलला पाय लावलेला माणूस मी आजवर पाहिला नाही, देवाशपथ.

आणि मग कोमल आली. वय एकोणीस, गोलकीपर. तिच्या वडिलांना सगळे भाऊ म्हणतात. ते पीथमपूरच्या कारखान्यात आहेत, शिफ्टच्या बसने जातात-येतात. पोरीला गोव्याच्या एका व्यावसायिक क्लबने निवडलं. वर्षाचा करार, पगार, राहायची सोय! फक्त गावच्या मंडळाचा ना-हरकत दाखला शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत महासंघात पोचायला हवा होता. नाही पोचला, तर जागा दुसरीला.

गुरुवारी भाऊ आणि त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई दत्तोपंतांकडे आले. पंतांनी मला शाईत दाबलं आणि ठप्प! इतका स्वच्छ मी कधीच उमटलो नव्हतो. मला फार बरं वाटलं.

चपला घालताना भाऊ बायकोला हळूच म्हणाले, "आता शार्दूलरावांकडेही जाऊन येऊ. एकाकडे गेलो आणि दुसऱ्याकडे नाही, बरं दिसत नाही."

अहो, नका जाऊ! मी डब्यात तळमळत होतो. पण शिक्क्याचं कोण ऐकतं?

शुक्रवारी दुपारी दोन वाजता ते कोमलला घेऊन परत आले. दाखल्यावर माझ्या शेजारी माझा जुळा भाऊ उमटलेला होता. महासंघाने तो दाखला फेटाळला होता. दोन शिक्के म्हणजे मंडळच वादातलं. आता दोघांपैकी एकाने लिहून द्यायचं, की आमचा शिक्का आम्ही मागे घेतो. एक ओळ, बस.

"पंत, पाया पडतो," भाऊ म्हणाले. "शार्दूलरावांनी नाही म्हटलं. तुम्ही तरी लिहा."

"अरे भिया, लिहिलं की मत गेलं!" दत्तोपंत भाऊंना म्हणाले. "परवा निवडणूक आहे. धारवाले टपून बसलेत. पोरगी लहान आहे, पुढच्या साली जाईल."

"काका, पुढच्या साली मला कोण बोलावणार आहे?" कोमल म्हणाली. "मुझे बस खेलना है. एक लाइन लिहून द्या ना."

मी पंतांच्या मुठीत होतो आणि मूठ घामाने ओली झाली होती. लाज वाटत होती त्यांना, मी सांगतो ना! पण त्यांनी पेन उचललं नाही. तीन तास ते तिघं तिथेच बसून होते. पाच वाजून गेल्यावर सुनेत्राबाईंनी लेकीचा हात धरला आणि तिला घरी नेलं.

शनिवारी महासंघाचा निरोप आला, वाद मिटला नाही तर देवासचं मत बाद. झालं! तासाभरात समझोता. दत्तोपंत अध्यक्ष, शार्दूलराव सचिव, शिक्का मी एकटाच. पेढे काय, गळाभेटी काय! माझा नुसता संताप संताप झाला.

सोमवारी मंडळाने कोमलचा सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि एकाच शिक्क्याचा नवा कोरा दाखला. फोटोवाला म्हणाला, "ज़रा हँसिए." माझी शाई ओली होती, ती कोमलच्या अंगठ्याला लागली. तिने पंत आणि शार्दूलराव, दोघांकडे पाहिलं.

"काका, हा आता कुठे दाखवू?"

दोघांनीही कॅमेऱ्याकडे तोंडं वळवली. फोटो निघाला.

गोव्याची जागा गेली. कोमल अजून रोज सकाळी मैदानावर जाते. दुसऱ्या एका क्लबने तिला चाचणीला बोलावलंय, नोंदणी जानेवारीत उघडेल. आणि इकडे अनुदानाच्या चेकवर आधी सही कुणाची, यावरून पंत आणि शार्दूलराव पुन्हा बोलेनासे झालेत. शार्दूलरावांनी आपला शिक्का परत बाहेर काढलाय म्हणे. माझा जीव थाऱ्यावर नाही. भाऊ, असाल तिथून ऐकताय ना? या वेळी दाखल्यासाठी एकाच दाराशी जा. दुसऱ्याला राग आला तर येऊ दे. माझ्याकडे नाही आलात तरी चालेल.