प्लेट्स कोणी आणायच्या?

परदेशात गेल्यावर आपल्या लोकांना सण जास्तच आठवतात, आणि सण म्हटला की पॉटलक आलंच. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समधल्या त्या छोट्याशा मराठी मंडळात आठ घरं होती. कोणी काय करून आणायचं याची यादी करणं गेली तीन वर्षं सुनीतीकडे होतं. कुणाकडे मसालेभात, कुणाकडे श्रीखंड. भांडण नाही, तंटा नाही, असं ती अभिमानाने सांगायची.

नोव्हेंबरातल्या पहिल्या मंगळवारी ती दिवाळीची यादी करायला बसली होती. शेजारी गृहपाठाची वही उघडी होती. बेचाळिसाव्या वर्षी बाईंनी कॉलेजात डिस्क्रीट मॅथ्सच्या, म्हणजे कॉम्प्युटरला लागणाऱ्या गणिताच्या, प्राथमिक कोर्सला नाव घातलं होतं. शाळेच्या ऑफिसातली नोकरी सोडून सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये शिरायचं, तर हा कोर्स पास होणं भाग होतं. तेवढ्यात मधुमतीकाकूंचा फोन आला. काकू मंडळातल्या सगळ्यांत ज्येष्ठ, पस्तीस वर्षं इंग्लंडात.

"नीनाला प्लेट्स, ग्लास आणि नॅपकिन सांग हं. बिचारी हॉस्पिटलमध्ये शिफ्ट करते, तिला स्वयंपाकाला वेळ कुठला!"

"हो काकू," म्हणत सुनीतीने लिहिलंही.

बाहेर हॉर्न वाजला. नीनाच आली होती. दोघी एकाच वर्गात होत्या. मिल्टन कीन्सच्या गोल चौकांची, राउंडअबाउट्सची, धास्ती घेऊन सुनीतीने गाडी शिकायचं सोडून दिलं होतं, त्यामुळे दर मंगळवारी नीनाच तिला न्यायची आणि घरी आणून सोडायची. वाटेत अडलेलं गणितही समजावायची.

ब्रेकमध्ये कॅन्टीनच्या टेबलावर नीनाने डबा उघडला आणि नेहमीसारखा मध्ये सरकवला. "घे ना."

"नको गं, जेवून आलेय," सुनीती नेहमीसारखी म्हणाली आणि वही पुढे केली. "हे चेक कर ना. चौथा प्रश्न एकदम ईझी होता."

प्रश्न असा होता. रोजच्या आयुष्यातलं माणसामाणसांतलं एखादं नातं घ्या, त्याचे बाण काढा, आणि बघा, जिथे बाण जातो तिथून तो परतही येतो का. प्रत्येक बाण परत येत असेल तर ते नातं सिमेट्रिक. सुनीतीने मंडळातल्या आठ घरांची आठ वर्तुळं काढली होती. एका घरचं दुसऱ्याने खाल्लं की खाणाऱ्याकडे बाण जाणार. खाली ठसठशीत उत्तर लिहिलं होतं: सगळे सगळ्यांच्या हातचं खातात, म्हणून सिमेट्रिक. बाण काढायचा मात्र तिने कंटाळा केला होता.

नीनाने वही वाचली आणि डब्याचं झाकण लावलं.

"चूक आहे."

"का? काय चुकलं?"

"सर लास्ट वीकला काय म्हणाले? 'सगळे' म्हटलं की ते खोटं पाडायला एकच उदाहरण पुरतं. हे बघ उदाहरण. मी." तिने पेन्सिल आठव्या वर्तुळावर टेकवली. "तुमच्या साती घरांकडून माझ्याकडे बाण येतो. माझ्याकडून एक तरी जातो? काढून दाखव."

सुनीती हसायला गेली, पण नीना हसत नव्हती. मग सुनीतीने आपल्या फोनवर जुन्या याद्या उघडल्या. संक्रांत, नीना: प्लेट्स. पाडवा, नीना: ग्लास, बर्फ. गणपती, नीना: नॅपकिन, काळ्या पिशव्या. अकरा याद्या होत्या. अकराही वेळा तेच, आणि अकराही याद्या सुनीतीच्या हातच्या!

"अगं, तुझ्या शिफ्ट असतात म्हणून..."

"वैजयंती डॉक्टर आहे. नाइट्स करते. तिला दर वेळी श्रीखंड देतेस ना?"

सुनीतीने फोन पालथा ठेवला.

"पहिल्या वर्षी मी न सांगता भरीत आणलं होतं," नीना म्हणाली. "जसंच्या तसं परत नेलं. गाडीत तनू मला म्हणते, 'आई, your bharit is so yummy, मग कोणी का नाही घेतलं?' सात वर्षांच्या मुलीला काय सांगणार? म्हटलं, तिखट झालं होतं."

"मी जातपात मानत नाही गं! देवाशप्पथ!"

"मानत नाहीस. फक्त यादी करतेस." नीनाचा आवाज आता चढला होता. "पहिल्या भेटीत तू मला विचारलंस, मूळचे कुठले, आडनाव काय. मी सांगितलं. त्यानंतर माझ्या घरी पाण्याचा घोट तरी घेतलास? सहा मंगळवार हा डबा तुझ्यापुढे ठेवतेय. सहाही दिवस तुला भूक नव्हती?"

"मग तू येतेस तरी कशाला मंडळात?"

"का येऊ नये? तनूला मराठी नाटकात काम करायला आवडतं. आणि मंडळ काय काकूंच्या मालकीचं आहे?"

परतीच्या वाटेवर नीनाने गाडीतला रेडिओ मोठा केला. तरीही नीनाने तिला दारापर्यंत सोडलं. त्या गोष्टीचीच सुनीतीला जास्त लाज वाटली. भूक तिला दर मंगळवारी लागायची. घरी आल्या आल्या ती उभ्या उभ्या पोळी खायची. हे तिने आजवर स्वतःलासुद्धा कबूल केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने काकूंना फोन लावला.

"काकू, यंदा प्लेट्स तुम्ही आणता का?"

"मी? अगं, माझ्या पुरणपोळ्या असतात!"

"म्हणूनच विचारलं. तीन वर्षांत तुमच्यावर एकदाही प्लेट्सची पाळी आली नाही. नीनावर अकरा वेळा आली. हा योगायोग आहे का?"

"हे बघ, मी काही तसलं मानत नाही. पण लोकांना संकोच वाटतो."

"कुठल्या लोकांना? नावं सांगा काकू, मी यादीत लिहिते!"

काकूंनी फोन ठेवला. सुनीतीला राग आला होता. राग काकूंवर होता, त्याहून जास्त स्वतःवर होता. काकूंनी नुसतं सुचवलं होतं, हाताने तर तिने लिहिलं होतं.

तिने मंडळाच्या ग्रुपवर अकराही याद्या टाकल्या आणि खाली लिहिलं: 'या मी केल्या. नीनाला तीन वर्षांत एकदाही पदार्थ सांगितला नाही आणि त्याचं कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. माझं चुकलं. यापुढे यादी कोणी करणार नाही, ज्याला जे आणायचं ते त्याने आणावं. प्लेट्स मी आणीन.'

संध्याकाळी वैजयंतीने लिहिलं, 'मला दिसत होतं. बोलले नाही. माझंही चुकलं.' काकूंनी दुसऱ्या दिवशी 'पुरणपोळी' एवढाच शब्द टाकला. नीनाने काहीच लिहिलं नाही.

पुढच्या मंगळवारी हॉर्न वाजेल की नाही, याची सुनीतीला खात्री नव्हती. पण हॉर्न वाजला! ब्रेकमध्ये नीनाने डबा उघडला. या वेळी मात्र तो तिने मध्ये सरकवला नाही.

"नीना, मला भूक लागलीय," सुनीती म्हणाली.

नीनाने तिच्याकडे पाहिलं. मग डबा पुढे केला.

"घे. पण प्लेट्स आणल्या नाहीत हं आज."

डब्यात वांग्याचं भरीत आणि भाकरी होती. सुनीतीने हातानेच खाल्लं. भरीत अजिबात तिखट नव्हतं.

"शनिवारी येशील ना?" तिने विचारलं.

"मी कधी आले नाही, ते सांग."

वर्ग सुरू व्हायच्या आधी सुनीतीने वही उघडली. आता आठव्या वर्तुळाकडून एक बाण काढता आला असता. पण एका घासाने अकरा याद्या पुसल्या जात नाहीत, हे तिला कळलं होतं. जुन्या उत्तरावर काट मारून तिने लिहिलं: 'हे नातं सिमेट्रिक नाही. कारण, मी.' आणि वही सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

वाचकहो, 'आम्ही जात मानत नाही' हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, समुद्र ओलांडल्यावर तर जरा जास्तच मोठ्याने म्हणतो. म्हणून ते खरं ठरत नाही! आपल्या घरात, सोसायटीत, मंडळात कोण कोणाकडे जेवतं, याचे बाण एकदा कागदावर काढून पाहा. एखाद्या घराकडे नुसते बाण जात असतील आणि तिथून एकही परत येत नसेल, तर तो बाण कोणी अडवलाय हे विचारा. विचारायची सुरुवात स्वतःपासून करा.