आंबा कुणी लावला

कोर्टानं सांगितलं, 'जैसे थे'. म्हंजी रान हाय तसं ऱ्हाऊ द्यायचं. आमच्या मालकांनी नांगर घालायचा न्हाई आन् माझ्या थोरल्या दिरांनी, हौसरावांनी, ट्रॅक्टर घालायचा न्हाई. निकाल लागंस्तवर कुणी आत पाऊलसुद्धा टाकायचं न्हाई. घ्या! हौसराव आमचं रान बळकावत्यात म्हणून मनाई हुकूम मागायला गेलो आम्ही, आन् दार आमच्याबी तोंडावर बंद.

रान भीमेच्या काठाचं, वडगाव रासाईच्या खालच्या अंगाला. दोन वर्सं तसंच पडलं. आन् काय सांगू, पडीक रान इतकं देखणं दिसतं हे मला ठावंच न्हवतं. गवत कमरंएवढं वाढलं. त्यात होले आले, लाव्हऱ्या आल्या, नाना पाखरं आली. सकाळी नदीवरनं धुकं चढायचं आन् सगळं रान पांढरं व्हायचं, बांध कुठला आन् पाणी कुठलं कळायचं न्हाई. आमचे मालक, गोकुळ त्यांचं नाव, रोज बांधावर बसायचे, पाय अलीकडं घेऊन. एकदा वाऱ्यानं टोपी आत उडाली, तर ती आणायलाबी गेले न्हाईत. मी म्हणलं, "अवो, टोपीला कुठं मनाई हाय?" तर म्हणले, "रान निजलंय. उठवू नको." असल्या माणसाला काय बोलायचं! मी चिडायचे, आन् मग त्यांच्याच शेजारी बसून बघत ऱ्हायचे.

ह्या पौषात ते गेले. जायच्या आधी एकच बोलले, "माझी रक्षा ह्या रानात घाल. वर आंबा लाव." आमच्याकडं आता रक्षा नदीत टाकत न्हाईत. आपल्या रानात खड्डा घ्यायचा, रक्षा घालायची आन् वर झाड लावायचं. पर रान आपलं हाय का, ह्योच तर दावा.

शिरूरच्या आमच्या वकील करुणाताईंना फोन लावला. त्या म्हणल्या, "साखरमामी, एक रोप लावलं तरी हुकूम मोडल्यासारखं होईल. समोरचे तेच धरून बसतील. रान हातचं जाईल."

आम्हाला दुसरं रान न्हाई. रातभर तळमळले. पर मेलेल्या माणसाला तारीख कशी द्यायची, सांगा की!

सावडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, गाडगं आन् रोप घेऊन एकटीच निघाले. धुकं असं की माझाच हात मला दिसंना. बांध वलांडला. दोन वर्साचं पडीक, माती दगडावानी झाली आसंल म्हणून कुदळ जोरात मारली, तर ती लोण्यात शिरावी तशी शिरली. शेजारी कुणीतरी खोकलं. त्यांचाच खोकला. मी वर बघितलं न्हाई. बघितलं आसतं तर ते गेले आसते, असं वाटलं. "दमानं घ्या," एवढंच म्हणलं. खड्डा कवा झाला, मला कळलंच न्हाई.

रक्षा घातली, रोप लावलं. धुकं जरा फाटलं आन् बघते तर बांधावर हौसराव. घोंगडी पांघरून उभे, नजर माझ्यावरच. गेलं रान, म्हणलं.

झालंबी तसंच. त्यांच्या पोरानं, सत्यजीतनं, लगेच अर्ज ठोकला की काकीनं हुकूम मोडला. कोर्टानं पाहणीला कमिशनर धाडला, एक तरणा वकील. आम्ही सगळी बांधावर उभी, करुणाताईबी आल्या हुत्या. त्यानं रोपाकडं बोट केलं, "हे झाड कुणी लावलं?"

"काकीनं!" सत्यजीत म्हणला. "आबांनी डोळ्यांनी बघितलंय. सांगा आबा."

मी डोईवरला पदर फुडं वढला.

"बघितलं," हौसराव म्हणले. "गोकुळनं लावलं."

"गोकुळ म्हणजे वादी? ते तर वारलेत ना?"

"वारला. पर त्या सकाळी धुक्यात खड्डा तोच घेत हुता. साखरबाई नुसती रोप धरून बसलेली. माझ्या पाठचा भाऊ मी वळखणार न्हाई व्हय?"

कमिशनर घुटमळला. "आजोबा, मी असं लिहिलं तर ताबा त्यांचा होता असं तुम्हीच कबूल केल्यासारखं होईल."

"मग लिहा. कसत तोच हुता. रान त्याचंच हाय."

"आबा, येड लागलं काय तुम्हाला!" सत्यजीत वरडला. करुणाताईंनी माझा हात घट्ट दाबला. जिंकलो हुतो.

आमच्यात थोरल्या दिरासमोर बाई तोंड वर करून बोलत न्हाई. मी जन्मात बोलले न्हवते. त्या दिवशी डोईवरला पदर सरला, तर सरू दिला.

"भावजी," मी म्हणलं, "हेच तुम्ही ते जित्ते आसताना बोलला आसता तर? माझा माणूस आपल्याच रानाच्या भाईर बसून बसून मेला."

हौसरावांची मान खाली गेली. कमिशनरनं पेन उचललं आन् बिचकत इचारलं, "हेपण लिहायचं का?"

"लिहा," मी म्हणलं.