जीभ खाली बसेपर्यंत

माझ्या बाळाचा चेहरा आमच्या बाहेरच्या खोलीत तयार व्हायला लागला. पोटात जागा कमी पडली असेल. आधी समोरासमोरच्या भिंतींवर एकेक डोळा उमटला, पापण्या नसलेला, आणि दोन्ही डोळे रोज थोडेथोडे पुढच्या भिंतीकडे सरकू लागले. मग दाराच्या चौकटीवरून मऊ मांसाचा एक तुकडा उतरला, डाव्या-उजव्या अंगाने आणखी दोन आले आणि मध्यावर जुळले. वरचा ओठ झाला. छान झाला. त्याने दार मात्र बंद झालं आणि त्या वेळी जे घरात होते ते घरातच राहिले. माझ्या सासूबाई, त्यांच्या नणंद शकुआत्या, माझा नवरा दिगंबर आणि मी.

खोलीच्या मधोमध, दिवाणाच्या जागी, जीभ होती. सासूबाई आणि आत्या तिच्यावरच मांडी घालून बसल्या होत्या. दोन्ही भिंतींवरून मांसाच्या दोन जाड फळ्या तिच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत होत्या.

डॉक्टर खासनीस बाईंनी खिडकीच्या गजांतून हात घालून फळी चाचपली.

"या वर उठून आडव्या होतील आणि मध्ये जुळतील," त्या म्हणाल्या. "तीच बाळाच्या तोंडातली टाळू. पण आधी जीभ खाली बसायला हवी. ती मध्ये असेल तर या उठणार नाहीत."

"आणि नाहीच उठल्या तर?"

"तर टाळू दुभंगलेली राहील. पाजलेलं दूध नाकातून येईल." त्यांनी हात पुसला. "खोलीत कुणी बोलू नका. बोललं की जीभ फुगते."

त्या गेल्या.

"ग्रहणात चिरलंस ना काहीतरी?" सासूबाई लगेच म्हणाल्या. जीभ वीतभर वर आली.

"चिरलंच असणार," आत्या म्हणाल्या. "आमच्या वेळी ग्रहण सुटेपर्यंत कूस बदलायची सोय नव्हती. आणि हिच्या हातात विळी!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला, असं आपण म्हणतो. इथे टाळूच अजून व्हायची होती आणि या दोघी ती होऊ देत नव्हत्या.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "बोलू नका म्हणून सांगितलंय ना!" मी ओरडले. जीभ आणखी वर आली. माझ्या बोलण्यानेही ती तेवढीच फुगत होती. मला याचाच जास्त संताप आला.

विळी माझ्या हातात होती, हे खरं आहे. ग्रहणाच्या दुपारी सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे मी अंधाऱ्या खोलीत हातपाय लांब करून पडले होते. तेव्हा दिगंबर आला. त्याचा ग्रहणावर विश्वास नाही. "भूक लागलीय गं. एक काकडी चिरून दे. आईला नको सांगूस," तो म्हणाला. मी चिरून दिली, मीठ लावून. त्याने भिंतीला टेकून सगळी खाल्ली.

आता तो तसाच भिंतीला टेकून स्वतःच्या पायांच्या बोटांकडे बघत होता. मला त्याच्याकडून एकच वाक्य हवं होतं. ते त्याने दिलं नाही, आणि आता देऊन उपयोग नव्हता.

फळ्या जाड होत गेल्या तशी खोली अरुंद होत गेली. आम्ही आडवे चालू लागलो. सासूबाई बोलत बोलत पंख्यापर्यंत पोचल्या. तिथून त्यांना माझं माहेर दिसलं. "आईनेच काही शिकवलं नाही हिच्या," त्या वरून म्हणाल्या.

मी पडदे ओढून घेतले.

"ग्रहण लागलं," मी म्हणाले.

कॅलेंडर कुणीच पाहिलं नाही. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला, आत्यांनी डोळे मिटले आणि दोघी मनातल्या मनात जप करू लागल्या. जीभ दोघींना घेऊन हळूहळू खाली उतरली आणि फरशीला टेकली.

फळ्या उठल्या. दोन्ही एकदम उठून आडव्या झाल्या आणि आमच्या डोक्यावर आल्या. पुढे, ओठापाशी, त्या एकमेकींना लागल्या आणि सांधा मागे मागे सरकू लागला. स्वयंपाकघराच्या बाजूला बोटभर फट उरली. मला रडू येत होतं. रडायला आवाज लागतो, म्हणून मी रडले नाही.

तेवढ्यात दिगंबर भिंतीपासून सुटला. आई डोळे मिटून बसली आहे, एवढं त्याला धीर यायला पुरेसं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा एखाद्या भल्या माणसासारखा झाला होता.

"आई," तो म्हणाला.

जिभेचं टोक फरशीवरून सुटलं.

मी जोरजोरात मान हलवली. त्याला वाटलं, मी मोठ्या मनाने त्याला वाचवते आहे. तो आणखी भला झाला आणि त्याने छाती भरून श्वास घेतला.

मी धावले आणि माझी चारही बोटं मुळापर्यंत त्याच्या तोंडात कोंबली. डोक्यावर फट तेवढीच होती. बोटांखाली त्याची जीभ वर येत होती.