दहावं मत

माझ्या गेमचा डेमो मी मोजून नऊ जणांना दिला होता आणि मतं आली दहा. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळायला लागला. दुसरी एखादी म्हणाली असती, दिली असेल कुणी मित्राला लिंक, बरंच झालं. मी त्यातली नाही. भाजीवाला हसून बोलला तर मी घरी येऊन पिशवी पुन्हा तपासते.

गेमचं नाव 'बांध'. रोल-प्लेइंग गेम आहे. खेळणारा जमिनीचा मोजणीदार होऊन एका गावात येतो, घरोघरी विचारपूस करतो आणि शेवटी हद्दीचा दगड कुणी सरकवला त्याचं नाव घेतो. खरं नाव एकच ठरतं, बिभीषणकाकांचं. हे माझे सख्खे चुलते. नाव बदल म्हणून नागसेननं शंभरदा सांगितलं. गेममधली चित्रं त्याची, आणि भूमच्या भाड्याच्या खोलीत आम्ही दोघंच हे काम करतो. मी ऐकलं नाही. मी दहा वर्षांची असताना काका खोरं घेऊन आमच्या बांधावर आले होते आणि आबा, माझे वडील, हात पसरून त्यांच्यासमोर उभे राहिले होते. हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्याला चौदा वर्षं झाली. दोन्ही घरांत बोलणं नाही. सरकारी मोजणी मागवा म्हटलं की आबा म्हणायचे, घरातलं भांडण कचेरीत कशाला न्यायचं. मला तो त्यांचा मोठेपणा वाटायचा.

शनिवारी डेमो सगळ्यांसाठी खुला होणार होता. आमच्या गावातल्या, ईटच्या पोराटोरांच्या फोनवर काकांचं नाव जाणार, याचं मला सुख वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

नऊ मतं नेहमीसारखी होती. मोजणीदार फार हळू चालतो. म्हशी छान काढल्यात. नकाशा उघडला की गेम अडकतो. दहावं बिननावाचं होतं, आणि त्यात विरामचिन्ह औषधालाही नव्हतं.

"दगड एकट्या माणसाला उचलत न्हाय दोघं लागतात खोरं घेऊन माणूस दगड सरकवायला येत न्हाय उकरायला येतो कोळसा बघायचं बटण ठिवा आणि शेवटी नावं कमी हायत"

"कोळसा काय?" मी नागसेनला विचारलं.

"तुला म्हाईत न्हाय व्हय? वाटणी झाल्यावर दगड रोवतात तवा खाली कोळसा पुरतात. कोळसा कुजत न्हाय. दगड सरकवणारा दगड नेतो, कोळसा जुन्या जागीच ऱ्हातो. माझे आजोबा लोकांचे दगड रोवायला जायचे की."

"म्हणजे हे रणधीरनं लिहिलंय," मी म्हणाले. रणधीर काकांचा मुलगा. "आणि त्याला लिंक तू दिलीस. रविवारी त्याच्याबरोबर क्रिकेट खेळतोस, मला माहीत आहे."

नागसेननं हातातलं काम थांबवलं. "हर्षाली, म्या त्याला गेमचं नाव पण सांगितलं न्हाय."

"मग दहावा कोण?"

"मला काय म्हाईत? पण माझ्यावर आळ घ्यायच्या आधी जाऊन उकर की. तुझ्या काकांनी दगड तुमच्या रानात सरकवला असंल, तर कोळसा त्यांच्या रानात निघंल."

माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही. कोळसा काढायचा, त्याचा फोटो रणधीरला पाठवायचा आणि नागसेनच्या तोंडावर मारायचा, असं ठरवून मी दुपारच्या एसटीनं ईटला आले.

हरभरा निघून गेला होता, दोन्ही रानं मोकळी होती. खोरं घेऊन मी बांध ओलांडला आणि काकांच्या रानात, दगडापासून दोन पावलांवर उकरायला लागले. काही नाही. आणखी दोन पावलं पुढं गेले. तिथंही नुसती माती आणि मुरूम. तिसरा खड्डा घेतला तेव्हा पाठीमागून आबांचा आवाज आला.

"कोळसा हुडकायलीस?"

कोळशाचं मी घरात कुणाला बोलले नव्हते.

"तुम्हाला कसं कळलं, आबा?"

"तूच न्हाय का खेळ टाकलास माझ्या फोनात. जुन्या फोनावर चालतो का बघायला."

टाकला होता. बाकीच्यांना द्यायच्या आधी, पाच मिनिटांसाठी. काढायचा राहून गेला आणि मोजताना मी बापाला धरलंच नाही.

"तीनदा खेळलो म्या," आबा म्हणाले. "तिकडं न्हाय कोळसा. आपल्या रानात हाय. लिंबाकडं चार पावलं."

दगडापासून लिंबाच्या दिशेनं मी चार पावलं मोजली आणि उकरायला लागले. हातभर खोल गेल्यावर काळे तुकडे लागले, काल पुरल्यासारखे. आबांचा इतका राग आला की खोरं तिथंच टाकून भूमला परत जावंसं वाटलं.

"म्हणजे दगड तुम्ही काकांच्या रानात ढकललात."

"लोभ सुटला. दुसरं कारण न्हाय." ते माझ्याकडं बघत नव्हते. "बिभीषण हाच कोळसा उकरायला खोरं घेऊन आला व्हता. म्या त्याला बांधावर पाऊल ठिवू दिलं न्हाय. उलटं त्याचंच नाव गावभर केलं."

"दोघं लागतात असं लिहिलंत. दुसरं कोण होतं?"

आबा घराकडं बघत राहिले. घरात आई एकटीच होती. काकांचा विषय निघाला की ती उठून का जायची, ते मला तेव्हा कळलं.

"मला सांगायचं होतं ना."

"तोंडानं न्हाय झालं चौदा वर्सं. त्या खेळाच्या शेवटी चौकट आली, काय वाटतं ते लिव्हा म्हणून. नाव लिव्हायची सक्ती न्हवती. तवा लिव्हलं." मग म्हणाले, "शनिवारी त्याचं नाव जाऊ दिऊ नको. ज्ञानोबा घाल. माझंच हाय ते."

ते दगडापाशी वाकले आणि त्याच्याखाली बोटं घातली. "धर त्या अंगानं."

माझा राग गेला नव्हता. तरी धरलं. चार पावलांना आम्ही तीनदा टेकलो. शेवटच्या खेपेला मान वर केली तर काकांच्या गोठ्यापाशी काका आणि रणधीर उभे होते, आमच्याकडंच बघत. त्यांच्या रानात माझे तीन खड्डे आणि आमच्या हातात हद्दीचा दगड. त्यांना काय वाटत असेल हे मला कुणी सांगायला नको होतं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

कोळशावर दगड ठेवला नाही, शेजारी ठेवला. आबा वर बघेनात. मग मीच हाक मारली.

"काका, इकडं या. कोळसा निघालाय, तुमच्या डोळ्यांनी बघा."

बऱ्याच वेळानं काका चालत आले. आबांनी त्यांना अडवलं होतं त्या बांधापाशी येऊन थांबले आणि पाऊल पुढं टाकीनात. आबा वाटेतून बाजूला झाले.